ब्रॅडमनची मधली खेळी

८, १३१, २५४, १, ३३४, १४, २३२.

१९३० च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये झालेल्या पाच कसोटींतल्या डॉन ब्रॅडमनच्या या सात खेळ्या. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. बेरीज केली तर ९७४ होते, आणि एका मालिकेत एवढ्या धावा आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेल्या नाहीत. सातने भागलं की सरासरी १३९.१४.

आता हेच सात आकडे चढत्या क्रमाने मांडू: १, ८, १४, १३१, २३२, २५४, ३३४. डावीकडचे तीन सोडा, उजवीकडचे तीन सोडा. उरतो १३१. हा या सात खेळ्यांचा मध्यक. शाळेच्या पुस्तकात यासाठी सूत्र दिलेलं असतं: संख्या n असतील आणि n विषम असेल, तर क्रम लावल्यावर (n + १) ÷ २ या क्रमांकावरची संख्या घ्यायची. सात अधिक एक भागिले दोन म्हणजे चौथी. सूत्र विसरलात तरी बिघडत नाही, दोन्ही टोकांकडून एकेक आकडा खोडत आलात की तिथेच पोचता. क्रम लावायला मात्र विसरू नका. परीक्षेत निम्मे गुण तिथेच जातात. वर पहिल्या ओळीत खेळ्या झाल्या त्या क्रमाने दिल्या आहेत आणि तिथे बरोबर मधोमध १ हा आकडा बसलेला आहे. ब्रॅडमनच्या सर्वांत गाजलेल्या मालिकेची ‘मधली खेळी’ एका धावेची, असं उत्तर कोणी आणलं तर चूक कुठे झाली ते लगेच कळेल.

इथे सरासरी १३९ आणि मध्यक १३१, म्हणजे दोघांचं जवळपास एकमत आहे. पण समजा, एखाद्या वर्तमानपत्राच्या खिळे जुळवणाऱ्याने ३३४ च्या पुढे एक शून्य चुकून जास्त लावलं आणि ३३४० छापलं. सरासरी एकदम ५६८ च्या वर जाईल. मध्यक १३१ चा १३१ च राहील. त्याच्या लेखी शेवटचा आकडा हा फक्त ‘मधल्यापेक्षा मोठा’ असतो. किती मोठा, याची तो चौकशीच करत नाही.

हा मध्यकाचा गुण की दोष? या प्रश्नाला एकच उत्तर नाही, आणि पुढचं सगळं प्रकरण त्याभोवतीच फिरणार आहे.

इंग्लंडहून परतल्यावर लगेच, १९३०-३१ च्या मोसमात, वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच ऑस्ट्रेलियात आला. ब्रॅडमनच्या सहा खेळ्या झाल्या: ४, २५, २२३, १५२, ४३, ०. बेरीज ४४७, सरासरी ७४.५. कोणत्याही फलंदाजाने आनंदाने मिरवावी अशी. मध्यक काढायला क्रम लावू: ०, ४, २५, ४३, १५२, २२३. संख्या सहा, म्हणजे सम, तेव्हा मधोमध एकटा कोणी नाही, २५ आणि ४३ अशी जोडी आहे. अशा वेळी दोघांची बेरीज करून निम्मी करायची. मध्यक ३४. सरासरीच्या निम्म्याहूनही कमी! सहापैकी तीन डावांत हा माणूस पंचविशीच्या पुढे गेला नाही आणि दोन मोठ्या शतकांनी सगळं झाकून टाकलं. सरासरीला दोन मोठे आकडे पुरतात. मध्यकाला निम्म्या रांगेची साक्ष लागते.

आता बॉडीलाइन. १९३० मधल्या त्या ९७४ धावांचा धसका घेऊन इंग्लंडने १९३२-३३ च्या दौऱ्यासाठी खास डाव रचला. कर्णधार डग्लस जार्डिन (हे गृहस्थ जन्माने मुंबईचे), वेगवान गोलंदाज हॅरोल्ड लारवुड, लेग साइडला क्षेत्ररक्षकांचं कडं आणि चेंडू थेट फलंदाजाच्या अंगावर. पहिली कसोटी ब्रॅडमन खेळला नाही. उरलेल्या चार कसोटींतल्या त्याच्या आठ खेळ्या अशा: ०, नाबाद १०३, ८, ६६, ७६, २४, ४८, ७१. क्रिकेटच्या हिशेबात नाबाद डाव भाजकात धरत नाहीत, म्हणून ३९६ भागिले ७, सरासरी ५६.५७. ब्रॅडमनची सरासरी निम्म्यावर आणली, असं या मालिकेबद्दल नेहमी लिहिलं जातं, आणि ते खरंच आहे.

पण मध्यक काढून पाहा. ०, ८, २४, ४८, ६६, ७१, ७६, १०३. चौथी आणि पाचवी संख्या ४८ आणि ६६, मध्यक ५७.

या ५७ ची तुलना कशाशी करायची? त्याच्या संपूर्ण कारकिर्दीशी. ब्रॅडमन ५२ कसोटींत ८० डाव खेळला. ते ऐंशी आकडे कागदावर चढत्या क्रमाने उतरवायला अर्धा तास पुरतो, आणि क्रिकेटवेड्या घरात एखाद्या रविवारी हा उद्योग जरूर करावा. सुरुवातीला सात भोपळे येतात, मग दोन वेळा १, मग २, ४, ७ असं करत करत चाळिसाव्या जागेवर ५६ आणि एक्केचाळिसाव्या जागेवर ५७ सापडतो. मध्यक ५६.५. अर्धी धाव कोणी काढत नाही हे खरं, पण मध्यकाला त्याची फिकीर नसते.

म्हणजे ज्या मालिकेत सरासरी निम्म्यावर आली, त्या मालिकेतली मधली खेळी कारकिर्दीच्या मधल्या खेळीइतकीच आहे. शंका यावी की बॉडीलाइनचे आठ डाव कारकिर्दीत धरलेलेच आहेत, म्हणून असं होत असेल. तर ते वगळून बाकीच्या ७२ डावांचा मध्यक काढा. तोही ५६.५ च येतो, कारण बॉडीलाइनच्या आठ खेळ्यांपैकी बरोबर चार मध्यकाच्या खाली आहेत आणि चार वर.

मग जार्डिनने नेमकं काय हिरावून घेतलं? त्या मालिकेआधीच्या २६ डावांत ब्रॅडमनने सहा वेळा दोनशेच्या वर धावा केल्या होत्या. नंतरच्या ४६ डावांत पुन्हा सहा वेळा केल्या. बॉडीलाइनच्या आठ डावांत एकदाही नाही. १०३ च्या पुढे त्याला कोणी जाऊच दिलं नाही. कापली गेली ती शिखरं, पठार होतं तिथेच राहिलं. अर्थात आठ डाव म्हणजे फार मोठा पुरावा नव्हे, आणि ५७ च्या जागी ४५ आले असते तरी मला आश्चर्य वाटलं नसतं. पण सरासरी एकटीच समोर असती तर शिखरं आणि पठार असा भेद करता येतो हेसुद्धा सुचलं नसतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे ते यासाठी.

ब्रॅडमनच्या कारकिर्दीची सरासरी ९९.९४, या प्रसिद्ध आकड्याबद्दल इथेच बोलून टाकू. १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर ब्रॅडमन अखेरचा कसोटी डाव खेळायला उतरला तेव्हा सरासरी बरोबर १०० राखायला त्याला चार धावा हव्या होत्या. एरिक हॉलिजच्या गुगलीवर दुसऱ्याच चेंडूला त्याचा त्रिफळा उडाला. त्या चार धावांची हळहळ क्रिकेटचं जग अजून करतं. मध्यकाच्या दृष्टीने मात्र तिथे विशेष काही घडलंच नाही. त्याआधीच्या ७९ डावांचा मध्यक ५७ होता, भोपळ्यानंतर ५६.५ झाला. ब्रॅडमनने त्या दिवशी शून्याऐवजी चार केल्या असत्या तरी ५६.५ आणि छप्पन्न केल्या असत्या तरी ५६.५. अर्धशतक ठोकून बाद झालेल्या फलंदाजाला आणि भोपळाही न फोडता परतलेल्याला एकाच मापाने मोजणारा हा हिशेब एखाद्या क्रिकेटप्रेमीला निर्दय वाटेल.

दहावीच्या विद्यार्थ्यांना मध्यक भेटतो तो वेगळ्या वेषात, वर्गीकृत वारंवारता सारणीच्या. तिथे प्रत्येक आकडा दिलेला नसतो, फक्त कोणत्या वर्गात किती आकडे पडले ते सांगितलेलं असतं. ब्रॅडमनचीच सारणी करू. पन्नासच्या आतले डाव ३८, पन्नास ते नव्व्याण्णवचे १३, शंभर ते एकशे नव्व्याण्णवचे १७, त्यापुढचे १२. एकूण ८०, त्याचे निम्मे ४०. पहिल्या वर्गात ३८ संपले, म्हणजे चाळिसावा दुसऱ्या वर्गात आहे, आणि हाच मध्यक वर्ग. या वर्गात आणखी दोन पावलं आत शिरायचं आहे. वर्गात आहेत १३ डाव आणि वर्गाची रुंदी आहे ५० धावा. ते तेरा डाव वर्गभर सारख्या अंतराने पसरले आहेत असं मानलं, तर दोन पावलं म्हणजे ५० चे दोन तेरांश, साधारण ७.७. वर्गाच्या सुरुवातीच्या ५० मध्ये मिळवले की ५७.७.

खरा मध्यक ५६.५, सारणीवरून काढलेला ५७.७. पाठ करताना दात आंबवणारं सूत्र, ज्यात खालची मर्यादा, मध्यक वर्गाच्या आधीची संचित वारंवारता, मध्यक वर्गाची वारंवारता आणि वर्गांतर असं सगळं असतं, ते इतकंच सांगतं: मधला माणूस कोणत्या खोलीत आहे ते शोधा आणि खोलीत साधारण किती आत बसला असेल याचा अंदाज बांधा. खोलीत माणसं सारख्या अंतराने बसली आहेत हे गृहीतक जितकं खरं, तितका अंदाज खरा.

नाबाद डावांचं काय करायचं, हा प्रश्न मी आतापर्यंत टाळला. नाबाद ३७ म्हणजे ३७ नव्हे, तर ‘निदान ३७’. खेळ थांबला म्हणून आकडा थांबला. ब्रॅडमनचे असे दहा डाव आहेत. त्यातले सहा तीन आकडी असल्यामुळे ते आणखी कितीही वाढले असते तरी मध्यकाच्या उजवीकडेच राहिले असते, त्यांचा प्रश्न नाही. उरले चार: ३०, ३७, ५६ आणि ५७. यातला ५७ आपल्याविरुद्धचा आहे. फेब्रुवारी १९४८ मध्ये मेलबर्नला, भारताविरुद्धच्या शेवटच्या कसोटीत, ब्रॅडमन जखमी होऊन निवृत्त झाला तेव्हाचा. (त्या मालिकेत तो एकदाच स्वस्तात गेला. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारेंनी सिडनीत १३ वर त्याचा त्रिफळा उडवला.) समजा, हे चारही डाव पुढे चालू राहिले असते आणि सगळ्यांची शतकं झाली असती. मग चाळिसाव्या जागी ६६ आणि एक्केचाळिसाव्या जागी ७१ आले असते, मध्यक ६८.५. म्हणजे नाबाद डावांत पुढे काहीही घडलं असतं तरी मधली खेळी ५६.५ आणि ६८.५ यांच्या दरम्यानच सापडली असती. सरासरीला अशी वरची मर्यादा घालताच येत नाही. तिथे नाबाद डावांसाठी भाजकाची तडजोड करावी लागते, आणि त्या तडजोडीवर फलंदाजांचे चाहते आजही भांडतात.

हीच गोष्ट इस्पितळात फार गंभीर होते. एखाद्या दुर्धर आजाराचे रुग्ण निदानानंतर किती काळ जगतात, हे सरासरीने सांगायचं तर शेवटचा रुग्ण जाईपर्यंत थांबावं लागेल, आणि तो कदाचित तीस वर्षं जगेल. मध्यकासाठी निम्मे रुग्ण जाईपर्यंत थांबलं की पुरतं. उरलेले निम्मे ‘नाबाद’ आहेत एवढं माहीत असलं की झालं. म्हणून वैद्यकीय संशोधनात जगण्याचा काळ बहुतेक वेळा मध्यकाने दिलेला आढळतो.

स्टीफन जे गूल्ड हे अमेरिकेतले नामवंत जीवाश्मशास्त्रज्ञ. १९८२ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना पोटाच्या आतल्या आवरणाचा मेसोथेलिओमा हा कर्करोग झाल्याचं निदान झालं. शस्त्रक्रियेनंतर चालता येऊ लागताच त्यांनी ग्रंथालय गाठलं. तिथे लिहिलं होतं: निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने. दुसरा कोणी ‘आपल्याकडे आठ महिने उरले’ असं समजून खचला असता. गूल्डना आकडे वाचायची सवय होती. आठ महिने मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण आठ महिन्यांहून जास्त जगतात, हे त्यांनी आधी लक्षात घेतलं. मग रांगेचा आकार डोळ्यासमोर आणला. डावीकडे जागाच नाही, शून्य ते आठ महिन्यांत निम्मे रुग्ण दाटीवाटीने आहेत. उजवीकडे मात्र रांग वर्षानुवर्षं लांबत जाऊ शकते. आपलं वय कमी, निदान लवकर झालेलं, उपचार उत्तम, तेव्हा आपण त्या लांब शेपटीत असण्याची शक्यता बरीच आहे, असं त्यांनी ठरवलं. १९८५ मध्ये त्यांनी यावर लिहिलेला लेख पुढे कर्करोगाच्या असंख्य रुग्णांनी वाचला. गूल्ड गेले २००२ मध्ये, जवळपास वीस वर्षांनी आणि वेगळ्याच कर्करोगाने. मध्यक खोटा ठरला नाही. मध्यकाने रांगेची उजवी बाजू किती लांब आहे हे कधी सांगितलंच नव्हतं.

मध्यकाला न्याय्य म्हणणारा पहिला ठाम वकील बहुधा फ्रान्सिस गाल्टन. १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनात एका बैलाचं, कापून साफ केल्यावरचं, वजन ओळखण्याची स्पर्धा होती. सहा पेन्सचं तिकीट. त्यातली वाचता येण्यासारखी ७८७ तिकिटं गाल्टनने मिळवली, क्रमाने लावली आणि मधलं काढलं: १२०७ पौंड. त्याने दिलेलं खरं वजन ११९८ पौंड. ‘नेचर’ नियतकालिकात मार्च १९०७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे ही गोष्ट सांगणाऱ्यांनी परस्पर मध्यकाची सरासरी करून टाकली. सरासरी गाल्टनने नंतर, एका वाचकाने विचारल्यावर दिली, ती ११९७ होती, म्हणजे खरं तर मध्यकापेक्षा जवळची! तरी त्याचा कौल मध्यकालाच होता, आणि कारण लोकशाहीचं होतं. नुकसानभरपाईची रक्कम ठरवणाऱ्या पंचांनी आपापले आकडे सांगितले आणि त्यांची सरासरी काढली, तर सर्वांत विक्षिप्त आकडा सांगणाऱ्याचं वजन सर्वांत जास्त पडतं. मधला आकडा घेतला तर प्रत्येकाला एकच मत मिळतं. त्याहून जास्त रक्कम मांडली तर बहुमत ‘फार झाली’ म्हणेल, कमी मांडली तर ‘फार थोडी’ म्हणेल.

याच तर्काला अंतराची एक बाजू आहे. एका सरळ रस्त्यावर पाच घरं आहेत आणि सार्वजनिक नळ असा बसवायचा आहे, की सगळ्यांच्या चालण्याची बेरीज कमीत कमी व्हावी. नळ तिसऱ्या घरापाशी बसवा. तिथून एक पाऊल उजवीकडे सरकवलात तर दोन घरांचं एकेक पाऊल वाचतं आणि तीन घरांचं वाढतं. डावीकडेही तेच. शेवटचं घर मैलभर लांब नेलं तरी नळाची जागा बदलत नाही, आणि त्या घरच्या बायका याला न्याय म्हणणार नाहीत.

मध्यकाचा दुबळेपणा टोकांना नसतो, मध्यभागी असतो. १९३० ची ती सात खेळ्यांची रांग पुन्हा पाहा: १४ नंतर एकदम १३१. मध्ये मोठी दरी आहे. ट्रेंट ब्रिजवरच्या पहिल्या कसोटीत ब्रॅडमन १३१ ऐवजी २० वर बाद झाला असता, तर सरासरी १३९ वरून १२३ वर आली असती आणि मध्यक १३१ वरून थेट २० वर कोसळला असता. जिथे आकडे दोन कळपांत विभागलेले असतात आणि मधली जागा ओस असते, तिथे मध्यक एका आकड्याच्या फरकाने या कळपातून त्या कळपात उडी मारतो. अशा रांगेबद्दल कोणी फक्त मध्यक सांगत असेल तर पूर्ण यादी मागून घ्यावी.

दुसरी अडचण हिशेबनिसांची. सरासरीवरून बेरीज परत मिळते: १३९.१४ गुणिले ७ म्हणजे ९७४. मध्यकावरून काहीच परत मिळत नाही. १३१ गुणिले ७ याला अर्थ नाही. संघाला किती धावा मिळाल्या, धरणात किती पाणी आलं, पगारावर किती पैसे गेले, हे विचारायचं असेल तर मध्यकाकडे जाऊ नये. एका घराचं साधारण उत्पन्न किती किंवा देशातला मधला माणूस किती वर्षांचा (भारतात हे वय अठ्ठाविशीच्या आसपास आहे), हे विचारायचं असेल तर जरूर जावं.

आणि दोन मध्यक एकत्र करता येत नाहीत, हे सरकारी तक्ते वाचताना विशेष ध्यानात ठेवण्यासारखं आहे. १९३० च्या मालिकेचा मध्यक १३१, १९३०-३१ च्या मालिकेचा ३४. दोन्ही मालिकांचा मिळून किती? दोघांची सरासरी ८२.५, पण ते उत्तर चूक आहे. तेरा डाव नव्याने रांगेत लावले की सातव्या जागेवर ४३ येतो. तो ना १३१ वरून काढता येतो, ना ३४ वरून. तसंच एखाद्या राज्यातल्या सगळ्या जिल्ह्यांच्या कौटुंबिक उत्पन्नाचे मध्यक हाताशी असले, तरी त्यांच्यावरून राज्याचा मध्यक काढता येत नाही. त्यासाठी घराघराच्या मूळ नोंदी पुन्हा एकत्र आणून रांग पहिल्यापासून लावावी लागते.